ऐनाची पाटी

मुलं फाटकातून आत आली, तशी सोपान माळ्याने पक्कड कमरेला खोचली आणि पाण्याचा पाइप घेऊन तो तिथेच घुटमळत राहिला.

बावीस वर्षं बाग त्याने वाढवली, पण कुणी त्याला एका झाडाचं नाव विचारलं नव्हतं. ही पोरगेलीशी बाई मात्र दर शनिवारी शाळेची मुलं आणायची, झाडांवरच्या पाट्या वाचायची, आणि मुलं तिच्या तोंडाकडे बघत राहायची. सोपानच्या पोटात दुखायचं. आज तिची फजिती बघायला त्याने सकाळीच ऐनाच्या झाडाची पाटी अर्जुनाच्या झाडाला आणि अर्जुनाची ऐनाला तारेने बांधली होती.

बाईने ‘अर्जुन’ अशी पाटी वाचली, खरखरीत सालीवर हात फिरवला आणि ती थबकली.

“पाटी चुकलेली दिसते. ज्यांनी झाड लावलं त्यांनाच विचारू या. काका, जरा येता?”

तीस माना वळल्या.

“हा ऐन,” सोपान पुटपुटला. “मगरीच्या पाठीसारखी साल असते याची.”

मुलांनी भराभर लिहून घेतलं.

“मग काका, चुकीची पाटी कुणी लावली?” एका मुलीने विचारलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच सगळी मुलं त्याच्या तोंडाकडे बघत होती.