पुठ्ठ्याचा मुकुट

लेकीने लिहिलेल्या नाटकात देव एका म्हातारीचा उगाचच छळ मांडतो आणि शेवटी तिच्याकडूनच माफी मागायला शिकतो. देवाचं काम बापाकडे. तालमीत गडी अडून बसला, “अगं, देवाने माफी मागायची? लोक हसतील!” बापाच्या तोंडून तरी तो शब्द लेकीने कधी ऐकला होता? तिचं पहिलं नाटक त्याने सगळ्यांसमोर ‘पोरखेळ’ म्हणून भिरकावलं होतं आणि पुन्हा विषयही काढला नव्हता. प्रयोगाला प्रॉम्प्टिंगसाठी तीच विंगेत उभी राहिली. माफीच्या वाक्यावर बाप अडखळला. तिने हळूच सुचवलं, “चुकलं माझं.” त्याने पुठ्ठ्याचा मुकुट काढून छातीशी धरला. मग म्हातारीकडे चक्क पाठ करून, विंगेत बघत तो म्हणाला, “चुकलं माझं, पोरी.” लेक घाईघाईने कुजबुजली, “बाबा, म्हातारी तिकडे आहे!” “ठाऊक आहे गं,” देव म्हणाला.