धूर येईना

"अवो, परत मारा," केशरबाई म्हणाल्या.

भागुजींनी किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन काही पकडेना. मागच्या सीटवर प्रज्ञानं ओठ दाताखाली धरून कळ जिरवली.

आज तिला तपासायला घोडेगावच्या दवाखान्यात न्यायचं कालच ठरलं होतं, पण उजाडल्यापासूनच तिला कळा येत होत्या. बाळ आडवं आहे, कळा सुरू झाल्या की घरी थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागच्या खेपेला सासरी वाहन मिळेपर्यंत उशीर झाला आणि मूल हाती लागलं नाही. म्हणून तर यंदा केशरबाईंनी लेकीला डिंभ्याला माहेरी आणलं होतं. इथं दारात गाडी होती आणि तीस वर्षं एसटी चालवलेला बाप होता. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन पुण्याकडे गेली होती. आता घोडेगावला पोचायचं तर याच गाडीनं.

आणि गाडीची तऱ्हा ही. भागुजींनी निवृत्त झाल्यावर जुनीच डिझेल गाडी घेतली होती. रोज सकाळी ती अंगणात सुरू व्हायची, गुमान घुरघुरत राहायची. पण कुठं बाहेर निघायचं म्हटलं की रुसायची. अवसरीच्या लग्नाला रुसली, परवा बाजाराला रुसली. नवऱ्यापेक्षा गाडीचेच नखरे जास्त, असं केशरबाई शेजारणींना हसून सांगायच्या. आज त्यांना हसू येत नव्हतं.

फोन केल्यावर शिनोलीचा फुरकान मेकॅनिक मोटरसायकलवरून आला. धुळीमुळं त्यानं तोंडाला रुमाल बांधला होता.

"फुरकान का?" भागुजींनी खिडकीतून विचारलं.

"हां मामा. जय भीम." त्यानं रुमाल सोडला. "काय म्हणती गाडी?"

"बॅटरी चांगलीय. सेल्फ ऐक की, कसा फिरतोय."

"हिटर तापू द्या आन मारा."

भागुजींनी किल्ली अर्धी फिरवली. "हिटरचा पिवळा दिवा गेला का गं?" त्यांनी खिडकीशी उभ्या असलेल्या बायकोला विचारलं.

"गेला."

सेल्फ पुन्हा फिरला. फुरकान मागं जाऊन सायलेन्सरपाशी वाकला. "धूरच येईना," तो म्हणाला. "पांढरा धूर आला आसता तर हिटर गेला म्हनलो आसतो. हितं इंजिनात डिझेलच जात न्हाई."

त्यानं बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहिला. तो कडक लागला. म्हणजे डिझेल तिथवर येत होतं.

"आई," प्रज्ञा आतून म्हणाली, "पाणी गेलं."

केशरबाईंनी दार उघडून आत वाकून पाहिलं. मागच्या वेळीही असंच झालं होतं, पाणी गेलं आणि मग वाट बघण्यात दुपार गेली. "फुरकान, बाबा, कर काहीतरी लवकर."

"मामा, किल्ली नुस्ती ऑन करा. सेल्फ नका मारू." फुरकाननं इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाजवळ कान नेला. "टक वाजाय पाहिजे, ते वाजत न्हाई."

त्यानं पंपामागं हात घातला, चाचपलं आणि एक वायर वर ओढून काढली. तिचं टोक उजेडात धरून पाहिलं.

"तुटली व्हय?" केशरबाईंनी विचारलं.

"तुटली न्हाई मामी, काढलीय. हिच्याबिगर पंप डिझेल सोडत न्हाई. वायर काढून नट परत कसून बसवलाय, आन वायर मागं दडवलीय. उंदराचं काम न्हाई हे."

केशरबाईंना एकदम आठवलं. पहाटे अंगणात काहीतरी खडखडलं होतं. बिबट्या असेल या भीतीनं त्या उठल्या नव्हत्या. लघवीला बाहेर गेलेल्या भागुजींनीच तिकडून सांगितलं होतं, काय न्हाई, झोप. म्हणजे तेव्हाच कुणीतरी येऊन गेलं होतं. त्यांनी पलीकडच्या घराकडं पाहिलं. तिथला भगवंत पाण्याच्या पाइपवरून वर्षभर बोलत नव्हता. एवढी खुन्नस, की पोटातल्या जिवावर उठावं?

"त्या भगवंताचंच काम हे," त्या म्हणाल्या.

"त्येचं नाव घेऊ नको." भागुजी एकदम म्हणाले. कपाळावर घाम जमला होता. "त्यानं काय केलं न्हाई."

"मंग कुनी केलं?"

भागुजींनी बाहीनं कपाळ पुसलं. धुक्यात भीमाशंकरच्या घाटातून एसटी उतरवलेला हा माणूस, त्याला असं घाबरलेलं केशरबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. लेकीची काळजी बापाला पण असतेच की, असं त्यांनी मनाला समजावलं. पण त्यांचा होता नव्हता तो धीरही सुटला.

फुरकाननं वायर जोडून नट आवळला. "मारा मामा."

इंजिन पहिल्याच फेरीत धडधडलं. मागून काळा धूर निघाला. केशरबाईंना रडूच फुटलं. त्या घाईनं मागं चढल्या, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, दार ओढून घेतलं.

"चला, अवो, चला."

फुरकाननं बॉनेट पाडलं. भागुजींनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही.

"आता काय झालं? निघा की," केशरबाई म्हणाल्या. प्रज्ञानं त्यांचा हात घट्ट आवळला होता.

भागुजी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, डोळे बारीक करून पुढं वाकले. त्यांचं नाक काचेला लागायचं बाकी होतं.

"केशर," ते हळूच म्हणाले, "फुरकान गेला का गं?"

फुरकान गाडीच्या पुढंच, बॉनेटला लागून, त्यांच्याकडं बघत हात पुसत उभा होता.