आता पुसा

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या या खेड्यात चर्च, विहीर आणि माझ्या मुलाचं भाड्याचं घर, तिन्ही ऐतिहासिक. लक्ष्मीपूजनाला मी दाराच्या चौकटीवर खडूनं ‘श्री’ लिहिलं. बावन्न वर्षं, जिथे राहिले तिथे लिहीत आले.

घरमालक लेख्नर यांनी ते ओल्या फडक्यानं पुसलं. “चारशे वर्षांची चौकट आहे. लिहायचं नाही!”

“अहो आई, नका ना वाद घालू,” सूनबाई कुजबुजली.

जानेवारीत चर्चची मुलं, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचे मुकुट घालून आली, गायली आणि त्याच चौकटीवर त्यांनी खडूनं तीन अक्षरं लिहिली.

“हा आशीर्वाद,” लेख्नर म्हणाले. “वर्षभर पुसायचा नाही.”

मुलांचा खडू घेऊन मी त्यांनी लिहायला आणलेल्या स्टुलावर चढले आणि अक्षरांच्या मधोमध ‘श्री’ लिहिलं.


“आता पुसा,” मी मराठीतच म्हटलं.