खिडकीकडची जागा

"जागा मोजक्याच," असं म्हणत रेवा मॅडमनी फळ्यावर आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर पाच गोळे बसवले. "हे प्लॅटिनम. वायूचे रेणू येतात, याच्यावर बसतात, बदलतात आणि उठून जातात. मग रिअ‍ॅक्शनचा वेग कोण ठरवतं?"

"येणारे!" बारावीची मुलं एका सुरात म्हणाली.

"येणारे तर रांग लावून उभेच आहेत. पण बसलेला उठलाच नाही तर?"

मॅडमचं लक्ष फळ्यावर होतं, नाहीतर त्यांनी तिथेच जीभ चावली असती. सुकापूरच्या या क्लासात बाक सहाच. पहिल्या बाकावरची खिडकीकडची जागा किशोरीची. दोन महिन्यांपूर्वी पळस्पे फाट्यावर डंपरने तिच्या स्कूटीला उडवलं. तेरावं झालं, आणि पुढच्या सोमवारी तिची आई, शकूताई, तिची सॅक घेऊन त्या जागेवर येऊन बसल्या. तेव्हापासून रोज चारला येतात. फळ्यावरचं सगळं लेकीच्या वहीत उतरवतात. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नाहीत, म्हणून त्यांची चित्रं काढतात. नवी आलेली हेतल भिंतीला टेकून उभ्यानेच लिहिते. शकूताईंना उठा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आज त्यांची पेन्सिल थांबली.

"मॅडम, उठतच नाय त्याला काय करतान?"

मॅडम शिकवण्याच्या भरात होत्या. "तापवतात. जितकं घट्ट धरलेलं, तितकं जास्त तापवावं लागतं. नाहीतर मागचे सगळे ताटकळतात, अख्खं काम ठप्प."

सगळी मुलं हेतलकडे बघत होती. मग मॅडमना कळलं, आपण काय बोलून बसलो.

"शकूताई, तुम्हाला नव्हतं हो हे! मी प्लॅटिनमचं सांगत होते."

"समजला मना." शकूताईंनी वही मिटली. "ही पोर तीन आठवडं उबी हाय. मना दिसत नवती असा नाय."

त्या बाकाला धरून उठल्या. पुन्हा खाली बघितलं.

"इथं बसला का वाटं, किशू आताच उठून गेली, जागा अजून ऊन हाय."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला.

शकूताईंनी पदराने बाक पुसला, सॅक खांद्याला लावली आणि हेतलला म्हणाल्या, "बस गो बाय."

जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला. हेतल बाकाजवळ आली. तिने जागेवर तळहात ठेवला आणि तशीच वाकून उभी राहिली.

"बस ना," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"थांब," हेतल म्हणाली. "अजून ऊन आहे."