तेलाच्या डब्यातला चाफा

"तो चाफा आता तरी जमिनीत लाव की," नवऱ्याने परत एकदा म्हटलं.

"बघू," प्रमिला म्हणाली.

पाटबंधारे खात्यातल्या त्याच्या नोकरीत दर बदलीला हा चाफा तेलाच्या डब्यात बसून ट्रकने हिंडला होता. आता नोकरी संपली, कराडला स्वतःचं घर झालं, तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती. कधीही निघायचं असल्यासारखी ती या खोलीतून त्या खोलीत फिरायची.

थंडीत चाफ्याची पानं झडली. फाल्गुनात काड्यांच्या टोकांना पालवी फुटली, तशी ती डबा उन्हात सरकवायला गेली. डबा हलेना. नवऱ्याने वाकून पाहिलं. डब्याचं बूड गंजलं होतं आणि बोटाएवढं मूळ थेट जमिनीत शिरलं होतं.

"मूळ तोडतो, म्हणजे सरकेल."

"हात लावू नका त्याला."

ती तरातरा आत गेली. "अहो, सुतळी कापायची कात्री कुठंय?"

"असेल कुठल्यातरी खोक्यातच," बाहेरून नवरा म्हणाला.

प्रमिलाने पहिलं खोकं पुढ्यात ओढलं आणि सुतळी दातांनी तोडली.