पाठदुखीचं निमित्त

टबातून वाफा निघत होत्या आणि धाकटा कमरेला टॉवेल गुंडाळून त्यांच्याकडे बघत उभा होता. बेकरीच्या मागच्या खोलीचं दार दादाने लोटून घेतलं होतं. टब पीठ मळायचा, जुना. पाणी भट्टीवरच्या पातेल्यातलं, कढत. वर दादाने त्यात मूठभर मीठही टाकलं होतं.

"बस," दादा म्हणाला. "कमरेपर्यंत बुडून बस. पाठ अशी सुटेल की उद्या भट्टीपुढे नाचशील."

"राहू दे ना दादा. होईल आपोआप बरी."

"आठवडाभर हेच ऐकतोय. बस."

धाकट्याची पाठ ठणठणीत होती. मूल व्हावं म्हणून तो आणि त्याची बायको उपचार सुरू करणार होते, आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला आधीच बजावलं होतं. तीन महिने भट्टीपुढे उभं राहायचं नाही, कढत पाण्यात बसायचं नाही. उष्णतेने पुरुषाचे शुक्राणू मार खातात. शिवाय जाता जाता त्या म्हणाल्या होत्या, "घरात एका तरी माणसाला सांगून टाका. मनावर ओझं घेऊन सुरुवात करू नका."

भट्टीचं पथ्य पाळायला त्याने पाठदुखीचं निमित्त काढलं. घरात सांगायचं मात्र तो रोज उद्यावर ढकलत होता. ज्या भावाने नाक पुसून, कान पिळून लहानाचं मोठं केलं, त्याच्यापुढे असलं काही काढायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. खोटं अंगाशी येतं म्हणतात. त्याचं आता गुडघ्यापर्यंत वाफाळत आलं होतं.

"लाजतोस कुणाला? तुला आंघोळ मीच घालायचो." दादाने त्याचा खांदा धरून त्याला टबाकडे खाली दाबलं. भट्टीवर राबलेल्या माणसाचे गुडघे, पण दादाच्या हाताखाली मुकाट वाकले. वाफ मांड्यांना लागली.

तेवढ्यात दार ढकलून त्याची बायको आत आली. संध्याकाळी दोघं चालायला जात, तेही डॉक्टरीणबाईंचंच सांगणं. तिने टब पाहिला, टॉवेल पाहिला आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "अहो, बसू नका! सगळं वाया जाईल!"

दादाचा हात सुटला. "काय वाया जाईल?"

बायकोने ओठ दाताखाली धरला. धाकट्याने टॉवेलची गाठ घट्ट केली आणि पाण्याकडे बघत एका दमात सगळं सांगून टाकलं. उपचार, भट्टी, तीन महिने, पाठीचं सोंग. मध्ये दोनदा आवाज फाटला, तरी थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

दादा पिठाच्या पोत्यावर टेकला.

"म्हणजे पाठ दुखत नाही?"

"नाही."

"मग मी रोज तेल चोळत होतो, ते?"

"ते बरं वाटायचं," धाकटा म्हणाला.

दादाच्या ओठांवर आलेली शिवी समोर भावजय होती म्हणून परत गेली. मग त्याने तोच प्रश्न विचारला, ज्याला धाकटा इतके दिवस भीत होता.

"दोष कुणात आहे? तुझ्यात?"

धाकट्याने तोंड उघडलं, पण बायकोच पुढे झाली. "तसं नसतं, दादा. तयारी दोघांनी करायची. यांनी भट्टी सोडायची, मी गोळ्या घ्यायच्या, वजन उतरवायचं. आणि दोघांनी रात्री नीट झोपायचं. तेच तर होत नाही. दादाला कसं सांगू, कसं सांगू म्हणून हे रात्रभर कूस बदलतात. मग मीही जागी."

दादा टबाकडे बघत राहिला. भट्टीला धाकट्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, आठवड्यापुरता उसना आणलेला माणूस आजच परत गेला होता, आणि भट्टी थांबली की दुकान थांबलं, हे तिघांनाही ठाऊक होतं. बाहेर काउंटरवर कुणीतरी नाणं आपटून हाक मारत होतं. दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. तो उठला, टबाचे दोन्ही कान धरले, फरफटत मोरीपर्यंत नेला आणि पालथा केला. खोली वाफेने भरून गेली. कुणाचं तोंड कुणाला दिसेना.

"गाढवा," वाफेतून दादाचा आवाज आला, "मला एवढं सांगायला तुला डॉक्टरचं पथ्य लागतं होय रे?"

बायकोने धाकट्याचा शर्ट पुढे केला. बाहीत हात घालता घालता तो हसायला लागला, आणि मग तीही. वाफ विरली तेव्हा दादाचा शर्ट खिळ्यावर होता आणि तो बनियनवर भट्टीकडे निघाला होता. कित्येक वर्षांत त्याने भट्टीचं दार उघडलं नव्हतं.

"काउंटरवर जा. किती वेळ झाला माणूस बोंबलतोय."

त्या रात्री धाकटा असा झोपला की सकाळी बायकोने दोनदा हलवलं तेव्हा कुठे जागा झाला.

काउंटरवर पहिल्या गिऱ्हाइक शेजारच्या शिंपीणबाई. त्यांनी पाव उचलला, उलटा केला, परत सुलटा केला.

"हे काय? खालून कोळसा आणि वरून कच्चा?"

आतून भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ पत्र्याचा ट्रे पडला आणि कुणीतरी हात झाडत पुटपुटलं.

धाकट्याने पाव कागदात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवला.

"भट्टीवर नवा माणूस आहे, बाई," तो म्हणाला. "जरा सांभाळून घ्या. शिकेल."