बागेतलं स्थळ

"अजून आले न्हाईत," द्वारकाबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

"येतील की. धावड्याहून यायचं म्हणजे वेळ लागणारच," दैवशालानं आईला समजावलं. पण तिचीही नजर फाटकाकडेच होती.

मायलेकी सकाळच्या गाडीनं परतूरहून जालन्याला आल्या होत्या. बघण्याचा कार्यक्रम घरी ठेवला असता तर सगळी गल्ली दारात जमली असती. म्हणून ही निजामाच्या काळातली बाग आणि तिच्यातलं प्राणिसंग्रहालय. इथं कोण कुणाला ओळखतं?

आधीची दोन स्थळं मोडली होती. एकाला वय जास्त वाटलं, दुसरा म्हणाला शिवणकाम बंद करावं लागेल. पुढच्या महिन्यात दैवशालाला नांदेडच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. त्याआधी हे जमायला हवं होतं. काळजीनं तिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

एवढ्यात रामप्रसाद आला, सोबत त्याचे वडील पुंजाराम. नमस्कार झाले. पिंजऱ्यातला मोर ओरडला तशी द्वारकाबाई दचकली.

"आपण हरणं बघून येऊ," रामप्रसाद दैवशालाला म्हणाला. "मोठी माणसं बसतील सावलीला."

हरणांच्या जाळीपाशी दोघं उभे राहिले. काय काय विचारायचं ते दैवशालानं पाठच करून आणलं होतं.

"दारू?"

"बिलकुल न्हाई."

"राग?"

"येतो. पण ताटावर बसल्यावर कधीच न्हाई."

"शिवणकाम चालूच राहील. ती अट हाय."

"कोण नको म्हणतंय? आमच्या ओसरीवर उजेड बराबर येतो."

"अन् भावकी?"

"चुलता रुसलाय. रुसू द्या. आई गेल्याला सहा वर्षं झाली. चूल पेटते ती पोटापुरती. घराला घरपण पाहिजे."

सरळ बोलणारा माणूस. दैवशालाला बरं वाटलं.

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. एका वानरानं पुंजारामांची टोपी पळवून लिंबाची फांदी गाठली होती, आणि पुंजाराम खाली हात जोडून उभे होते. "देवा, आजच्या दिवस तरी राहू दे रे माझी टोपी!" द्वारकाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. बाबा गेल्यापासून दैवशालानं ते हसू ऐकलं नव्हतं.

ती तडक बाकाकडे गेली. आईचा हात धरून तिला मोरांच्या पिंजऱ्याआड घेऊन आली. द्वारकाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"कसं वाटलं गं तुला?" तिनं लेकीला विचारलं.

"माझं सोड, आई. नांदायचं तुला हाय. नवरा पसंत पडला का?"

द्वारकाबाईनं पिंजऱ्याआडून पुंजारामांकडे चोरून बघितलं.

"पडला," ती म्हणाली.